खुराड्याला बाहेरून अंड्यांचं खोकं

 आम्ही विंझरच्या बचत गटातल्या बाया.

आज आम्ही खुराड्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? कोंबड्या तर आपल्या आज्या-पणज्यांपासून दारात आहेत. खरं आहे. पण आमच्यावर एक वेळ आली, म्हणून बोलतो.

मागच्या आषाढातली गोष्ट. झड लागली होती, दिवसाही अंधारल्यासारखं. आमच्या गटातल्या एका काकूंनी रोजच्या सवयीनं वाकून खुराड्यात हात घातला. अंड्याच्या जागी गार, मऊ असं काहीतरी हाताला लागलं. हात झटकन मागं घेतला म्हणून निभावलं. बॅटरी लावून पाहिलं तर कोपऱ्यात नाग वेटोळं घालून बसलेला. सर्पमित्रानं तो नेला, पण घरची माणसं म्हणाली, "कोंबड्या विकून टाका. जिवापेक्षा जास्त आहेत का?"

काकू गटाच्या बैठकीत आल्या आणि एवढंच बोलल्या, "कोंबड्या गेल्या तर मी बचत कुठून भरू?" आम्ही सगळ्याच गप्प झालो. भाताचा पैसा घरात जातो, दुधाचा पैसा घरात जातो. अंड्यांचे पैसे तेवढे आपल्या हातात राहतात. पोराची वही, आपली गोळी-औषधं, गटाचा हप्ता त्यातूनच होतो. म्हणून आम्ही ठरवलं, कोंबड्या ठेवायच्या, पण अंधारात हात घालायचा नाही. खुराड्याच्या भिंतीला बाहेरून खोकं लावायचं. कोंबडी आतून येऊन अंडं घालील, आपण बाहेरून उजेडात बघून काढू.

आता माप ऐका. कोंबडीला अंडं घालायला अंधारी, आडोशाची, अंग मावेल एवढीच जागा लागते. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पुरे. चार-पाच कोंबड्यांना एक घर लागतं. आमच्या काकूंच्या आठ कोंबड्या, म्हणून दोन फुटांचं एक खोकं केलं आणि मधे फळी ठोकून दोन घरं केली. जुन्या दाराच्या फळ्या वापरल्या. विकत घेतलं ते बिजागऱ्या, कड्या आणि खिळे.

खुराड्याच्या भिंतीला प्रत्येक घरासाठी कोंबडी आत जाईल एवढं भोक पाडायचं. भोक अगदी तळापासून पाडू नका. खाली चार इंचांची फळी राहू द्या, नाहीतर कोंबडी पाय झाडते आणि पेंढ्यासकट अंडी खाली येतात. खोक्याचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर असावा. म्हणजे आपल्याला फार वाकावं लागत नाही, ओल चढत नाही आणि उंदराला सहज शिरता येत नाही.

इथं आमची पहिली चूक झाली. खोकं उंच लावलं आणि कोंबड्या बसायची दांडी खाली राहिली. कोंबडी रात्री सगळ्यांत उंच जागा शोधते. सगळ्या खोक्यात जाऊन झोपल्या आणि सकाळी अंडी शिटानं माखलेली. मग दांडी खोक्यापेक्षा फूटभर वर बांधली, तेव्हा सुटलं.

दुसरी चूक झाकणाची. आम्ही पेटीसारखं वरून उघडणारं झाकण केलं होतं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. बिजागरीच्या फटीतून पाणी आत आलं, पेंढा कुजला, बुरशी धरली. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी फटीवर ठोकली, थोडं थांबलं, पण पुरतं नाही. शेवटी छप्पर पक्कं ठोकून टाकलं. त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, वर पत्रा लावला आणि तीन बाजूंनी तीन-तीन इंच पुढं काढला. उघडायला मागची फळी ठेवली. बिजागरी खालच्या बाजूला, कडी वरच्या बाजूला. कडी काढली की फळी खाली लोंबते आणि सगळं घर डोळ्यांसमोर येतं. अंडी घरंगळू नयेत म्हणून त्या फळीच्या आत तीन इंचांची पट्टी ठोकली. याचा आणखी एक फायदा आहे. कडी लावायची विसरली तर फळी लोंबलेली लांबूनच दिसते. वरचं झाकण मात्र उघडं राहिलं तरी मिटल्यासारखंच दिसतं आणि रात्री मुंगूस, मांजर त्याचा फायदा घेतं.

खोकं पश्चिमेकडं लावू नका. आपल्याकडं पावसाची झोड तिकडूनच येते. पूर्वेला लावा, नाहीतर घराच्या भिंतीच्या आडोशाला. वरच्या अंगाला दोन-चार बारीक भोकं वाऱ्यासाठी ठेवा, उन्हाळ्यात आत कोंडतं. खुराड्याच्या मोठ्या फटींना अर्ध्या इंचाची जाळी मारा.

आत तीन बोटं कोरडा पेंढा किंवा भाताचं तूस घाला. आपल्याकडं ते सहज मिळतं. ओलं, घाण झालं की बदला. पिसवा झाल्या तर जुना पेंढा जाळून टाका, खोकं उन्हात तापवा, मग नवीन भरा.

नव्या खोक्यात कोंबड्या लगेच जात नाहीत. तलंगा तर कुठंही अंडं टाकतात. आम्ही खोक्यात अंड्याच्या आकाराचा गुळगुळीत पांढरा दगड ठेवला. आधी कोणी घातलंय असं वाटलं की दुसरी तिथंच घालते. आठवडाभर कोंबड्या अकरापर्यंत सोडल्या नाहीत. बहुतेक अंडी सकाळीच होतात, म्हणून सवय लागली. पण कोंडलेल्या वेळात आत पाणी ठेवायला विसरू नका.

अंडी दिवसातून दोनदा काढा, अकराच्या सुमाराला आणि संध्याकाळी. पडून राहिली की फुटतात, आणि फुटलेलं चाखलं की कोंबडीला अंडं खायची खोड लागते. साठवायची अंडी धुऊ नका, कोरड्या फडक्यानं पुसा. धुतलं की कवचावरचा पातळ थर जातो आणि अंडं लवकर खराब होतं. खुडूक कोंबडी खोकं अडवून बसली तर तिला वेगळ्या पाटीत रवणीला बसवा. अंड्यांवर कोळशानं खूण करा, एकवीस दिवस मोजा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. खोकं लावलं म्हणजे साप येणारच नाही, असं नाही. दिवसा खुराड्याचं दार उघडं असतं. साप उंदरासाठी येतो, अंड्यासाठी येतो. म्हणून फळी उघडली की आधी बघा, पेंढा काठीनं हलवा, मग हात घाला. सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्या, म्हणजे उंदीर येत नाहीत. लाकडांचा ढीग खुराड्याला टेकून लावू नका. आणि कुणाला साप चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मंत्र-तंत्रात वेळ घालवायचा नाही. चावलेला हात-पाय हलू न देता, १०८ ला फोन करून, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. सापाच्या विषावरची लस तिथं मिळते, दुसरं औषध नाही.

काकूंच्या कोंबड्या विकल्या नाहीत. तोरण्याला जाणारी माणसं आमच्या रस्त्यानं जातात, गावरान अंडी मागतात. काकू हप्ता वेळेवर भरतात. अंडी आता त्यांची नात काढते. आधी काठी, मग हात, हे तिला सांगावं लागत नाही.

खोकं करायचं असेल तर मृग लागायच्या आत करा. पाऊस सुरू झाला की फळी फुगते आणि सुतार लावणीत अडकतो. एकटीला जमत नसेल तर गटातल्या चौघी मिळून करा, एका दिवसात होतं. आम्ही तसंच केलं.