तिच्याकडे एकच स्टिक होती

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सत्राचा विषय ‘स्त्रिया आणि खेळ’ असा आहे. हिंसेचे, रेशनचे, मजुरीचे एवढे प्रश्न समोर असताना हे खेळाचे कुठे काढले, असे काहीजणींना वाटेल. त्यातून मी बोलणार आहे बर्फावरच्या हॉकीबद्दल. आपल्यापैकी बहुतेकींनी हा खेळ पाहिलेलाही नसेल. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात स्टिक, बर्फाच्या मैदानावर एका वेळी एका बाजूच्या सहाजणी आणि चेंडूऐवजी रबराची चकती. एवढे कळले तरी पुरे. थोडा धीर धरा, ही गोष्ट शेवटी आपल्याच अंगणात येणार आहे.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात 2010 साली बायकांचा एक क्लब सुरू झाला. नाव बॉस्टन ब्लेड्स. तो कॅनडातल्या बायकांच्या लीगमध्ये खेळायचा. ही लीग 2007 साली खेळाडू बायकांनीच पुढाकार घेऊन उभी केली होती. ब्लेड्सने 2013 मध्ये लीगचा सर्वोच्च मान असलेला क्लार्कसन कप जिंकला आणि 2015 मध्ये पुन्हा जिंकला. ऑलिंपिकचे पदक गळ्यात घातलेल्या मुली या संघात होत्या.

2015 च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत निर्णायक गोल केला तो ऑस्ट्रियाहून आलेल्या यानीन वेबर या खेळाडूने. हॉकीच्या संग्रहालयाने तिची ती स्टिक मागितली. केवढा मान! पण तिच्यापुढे प्रश्न पडला, कारण तिच्याकडे तेवढी एकच स्टिक होती. विजेत्या संघाची खेळाडू, विजयाचा गोल करणारी, आणि दुसरी स्टिक नाही. मला या सगळ्या कहाणीचे सार त्या एका स्टिकमध्ये दिसते. गौरव करायला सगळे तयार, खर्च मात्र तिचा तिने करायचा.

त्या लीगमध्ये तेव्हा पगार नव्हता. लीग प्रवासाचा, बर्फाच्या मैदानाच्या भाड्याचा खर्च भागवायची. बाकी मुलींनी दिवसा नोकरी करायची, कुणी शिकवायचे, कुणी ऑफिसात बसायचे, आणि दिवसभराचे काम उरकून सरावाला यायचे. दहा वर्षे असे चालले. 2017-18 च्या मोसमात पहिल्यांदा पैसे मिळाले, दोन हजारांपासून दहा हजार डॉलरपर्यंत, आणि तेही पूर्ण मोसमाचे. त्यांनी त्याला पगार म्हटले नाही. जो शब्द वापरला त्याला मराठीत एकच नेमका शब्द आहे आणि तो इथे बसलेल्या प्रत्येकीला पाठ आहे : मानधन.

मधल्या काळात दुसरी घटना घडली. 2015 मध्येच अमेरिकेत बायकांची नवी लीग निघाली. तिने खेळाडूंना मोसमाला किमान दहा हजार डॉलर पगार देऊ केला. त्या लीगमध्ये पहिली सही केली ती याच यानीन वेबरने. ब्लेड्सच्या बहुतेक नामवंत खेळाडू त्याच शहरातल्या नव्या संघात गेल्या. गतविजेता क्लब रातोरात रिकामा झाला. पुढच्या मोसमात ब्लेड्सला एकच सामना जिंकता आला.

आता इथे दोष कुणाचा? गेलेल्या मुलींना फितूर म्हणणे सोपे आहे. आपल्या संघटनांमध्येही आपण हे केले आहे. पगाराची नोकरी धरून एखादी कार्यकर्ती दुसऱ्या संस्थेत गेली की आपण मागे काय काय बोलतो, ते आठवा. पण कामाचा मोबदला मागणे ही गद्दारी नव्हे. आणि राहिलेल्यांना वेड्या म्हणण्याचाही आपल्याला अधिकार नाही. दोघींच्या वाट्याला अपुरेच आले. नव्या लीगनेही 2016 च्या नोव्हेंबरमध्ये, ऐन मोसमात, पैसे नाहीत म्हणून पगार कापले.

ब्लेड्स तग धरून राहिला. 2018 मध्ये क्लब बॉस्टन सोडून पश्चिमेकडच्या वूस्टर शहरात गेला. त्या मोसमात त्यांनी अठ्ठावीस सामने खेळले आणि अठ्ठावीसही हरले. एकही विजय नाही! वर्तमानपत्री हिशोबात हा शून्याचा मोसम. मी मात्र हा आकडा वेगळ्या रीतीने वाचते. अठ्ठावीस वेळा त्या मुलींनी बूट बांधले. हरणार हे बहुधा माहीत असताना त्या बर्फावर उतरल्या, कारण आपण उतरलो नाही तर लीगमधला अमेरिकेतला एकमेव संघ संपेल.

तरी तो संपलाच. 24 मार्च 2019 ला लीगचा अंतिम सामना झाला, कॅल्गरीचा संघ जिंकला. बरोबर एका आठवड्याने, 31 मार्चला, लीगने जाहीर केले की खेळ उत्तम आहे, पण आर्थिक गणित बसत नाही, म्हणून 1 मेपासून लीग बंद. योगायोग पहा, 1 मे म्हणजे कामगार दिन. ब्लेड्सही त्याच दिवशी इतिहासजमा झाला.

‘गणित बसत नाही’ हे वाक्य आपण नीट तपासले पाहिजे. बायकांचा खेळ कुणी बघत नाही, म्हणून पैसा नाही, असे सांगतात. पण बघायला मिळाला कधी? टीव्हीवर वेळ नाही, चांगले मैदान नाही, जाहिरात नाही, आणि मग प्रेक्षक नाहीत म्हणून बोल बायकांनाच. 1990 साली ओटावाला बायकांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली तेव्हा कॅनडाच्या संघाला गुलाबी पोशाख घालून उतरवले होते. खेळ दाखवण्याआधी बाईपण दाखवायची ही धडपड.

पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. लीग बंद पडल्यानंतर 2 मे 2019 ला दोनशेहून अधिक खेळाडूंनी एकत्र जाहीर केले की, योग्य पगार आणि सोयी देणारी लीग मिळेपर्यंत उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही लीगमध्ये आम्ही खेळणार नाही. त्यांनी आपली संघटना बांधली. हे धाडस अचानक आलेले नव्हते. 2017 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाने आपल्याच देशात होणाऱ्या जागतिक स्पर्धेवर बहिष्काराचा इशारा दिला होता. त्यांच्याऐवजी दुसऱ्या मुली उभ्या करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा खालच्या स्तरावरच्या मुलींनी एकेक करून नकार दिला. शेवटी करार झाला, मग त्या खेळल्या आणि सुवर्णपदकही जिंकल्या.

1 जानेवारी 2024 ला नवी लीग सुरू झाली, सहा संघांची. त्यात बॉस्टनला पुन्हा संघ मिळाला. पण मला सर्वात मोलाची वाटते ती तारीख त्याच्या आधीची, जुलै 2023 ची. पहिला सामना होण्यापूर्वीच खेळाडूंच्या युनियनने सामूहिक करार मंजूर करून घेतला. वर्षाला किमान 35,000 डॉलर, आणि प्रत्येक संघात निदान सहाजणींना 80,000 किंवा त्याहून जास्त. 20 एप्रिल 2024 ला मॉन्ट्रियलमध्ये एका सामन्याला 21,105 प्रेक्षक आले. कुणी बघत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. नवी लीग उभी राहताना 2015 ची लीग विकत घेऊन बंद केली गेली. तिथे करार झालेल्या कित्येकजणींचे करार एका रात्रीत रद्द झाले आणि सगळ्यांना नव्या संघांत जागा मिळाली नाही. शिवाय नवी लीग एकाच श्रीमंत माणसाच्या पैशावर उभी राहिली. मालकाचे मन फिरले तर? म्हणूनच करार कागदावर, युनियनच्या सहीने असणे महत्त्वाचे.

आता आपल्या अंगणात येऊ. मी गावात कबड्डी खेळायचे. मुलांचा सराव उरकल्यावर, अंधार पडता पडता मैदान आमच्या वाट्याला यायचे. बक्षीस म्हणून स्टीलचे भांडे मिळायचे. 2016 मध्ये टीव्हीवर बायकांची कबड्डी स्पर्धा झाली, तीन संघांची. मी घरातली कामे टाकून बघितली. पुरुषांची लीग दर मोसमाला मोठी होत गेली, ती बायकांची स्पर्धा मात्र तिच्याबरोबर पुन्हा झाली नाही. लडाखच्या मुलींचा बर्फावरच्या हॉकीचा राष्ट्रीय संघ 2016 मध्ये पहिल्यांदा परदेशात खेळायला गेला, तो लोकवर्गणी काढून.

आणि मानधन! अंगणवाडी सेविका आणि आशा ताई काय मागत आल्या? हेच, की आम्हाला ‘मानसेवी’ म्हणून मिरवू नका, कामगार म्हणा. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तो त्यांच्या लढ्यामुळे. बाईला कामाची आवड आहे, तिचे त्यावर प्रेम आहे, म्हणून तिला कमी दिले तरी चालते, हा हिशोब बर्फावरही तोच आणि अंगणवाडीतही तोच.

म्हणून गटागटात बसाल तेव्हा तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावात मुलींना मैदान किती वाजता मिळते? आपल्या संघटनेत कोण पगारावर आहे, कोण ‘आवडीने’ राबते आहे? आणि जी सोडून गेली तिच्याशी आपण अजून बोलतो का? कारण दोनशेजणी एका आवाजात ‘नाही’ म्हणाल्या त्यात दोन्ही लीगच्या खेळाडू होत्या. सोडून गेलेल्यांशी बोलणे त्यांनी बंद केले असते, तर ते घडले नसते.

त्या संग्रहालयात विजयाची स्टिक आहे. पुढच्या मुलीकडे दुसरी स्टिक असावी, एवढेच आपले मागणे.