बाळाबरोबर जाणारी फाईल
(पालक मेळाव्यातील भाषण)



उसाचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडील तोडणी कामगारांची बिऱ्हाडे सांगवी परिसरात, नीरेकाठी उतरतात आणि हंगाम सरताच परततात. मूल सोबत जाते. त्याचे कागद मात्र आमच्या कपाटात राहत. एका बालकाच्या श्रवणचाचणीचा मूळ अहवाल असाच राहिला. गावी तपासणी पुन्हा करावी लागली व चार महिने गेले. चूक सर्वस्वी आमची होती. श्रवणदोषाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत व्हावे आणि उपचार सहाव्यापर्यंत सुरू व्हावेत, असे तज्ज्ञ सांगतात. त्या हिशेबात चार महिने फार मोठे होतात.

तेव्हापासून मूळ अहवाल पालकांकडे व छायाप्रत आमच्याकडे, असा नियम केला. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यक कळत नाही, पण रोजकीर्द व खतावणी कळते. फाईलचे तेच दोन भाग केले. एकात प्रत्येक भेटीची तारीखवार नोंद. दुसऱ्यात कान, डोळे, वाचा, हालचाल अशी स्वतंत्र खाती. सर्वांत वर एकच पान: जन्मवेळचे वजन, किती आठवड्यांनी जन्म, कावीळ झाली होती का, चालू औषधे, पुढील तारीख. नवे डॉक्टर प्रथम हेच विचारतात.

2013 साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते व गरजेनुसार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. त्या पथकाची चिठ्ठीही फाईलमध्येच लावावी.

एक सूचना आग्रहाने करतो. यंत्रातून निघणारा गुळगुळीत कागद काही महिन्यांत पुसट होतो. त्याची छायाप्रत त्वरित काढावी. जपण्याच्या हेतूने लॅमिनेशन मात्र करू नये. उष्णतेने तो काळा पडतो. असे काळे पडलेले अहवाल आम्ही पाहिले आहेत.

फाईलचे शेवटचे पान आईचे. ‘भांडे पडले, वळून पाहिले’ एवढी तारखेसह नोंदही वाचा-उपचारतज्ज्ञांच्या उपयोगी पडते. आईस लिहिता येत नसेल तर थोरली बहीण लिहिते; त्या अक्षराचे आम्हांस कौतुक वाटते.

कोपीत ओल असते, उंदीर असतात. म्हणून प्रत्येक फाईलसाठी जाड प्लास्टिकची, चेनची पिशवी हवी. हा खर्च देणगीदारांनी उचलावा, आणि तो टोळ्या येण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत, ही विनंती.