दूर कोण गेलं? : दावीद राजाचं आख्यान

पूर्वरंग



नमन झालं, पद झालं, पेटी-तबला जुळला. आता दोन शब्द मनाशी बोलू. मतमाउलीच्या यात्रेला आपण कुठून कुठून आलात. कुणी नवस फेडायला, कुणी बोलायला. कित्येकांच्या पायाला फोड आलेत. एवढं चालून आलो म्हणजे देवाच्या जवळ आलो, असं आपल्याला वाटतं. वाटू द्या, चांगलंच आहे. पण मी आज उलटा प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस देवापासून दूर जातो, तो कोणत्या वाटेनं? पायांनी तर जात नाही. पाय देवळात असतात, हात जोडलेले असतात, आणि माणूस कोसभर लांब गेलेला असतो.

याकोबाने आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात या वाटेची खूण सांगून ठेवली आहे. माझ्या बोलीत सांगतो. ती एक वंशावळ आहे. वासना ही आजी, पाप ही तिची लेक आणि मरण ही नात. आजी घरात आली तेव्हा मोठी गोड वाटली. पदराखाली काय आहे ते कुणी विचारलं नाही. याकोब हेही बजावतो की, देव कुणाला मोहात घालत नाही, माणसाला ओढून नेते ती त्याची स्वतःचीच वासना. मूळ ग्रीक भाषेत तिथं जो शब्द आहे, तो आमिष लावण्याचा आहे. गळाला गांडूळ लावतात ना, तसा. माशाला गळ दिसत नाही, गांडूळच दिसतं. आणि मंडळी, प्रत्येकाचं गांडूळ निराळं! कुणाला बाई, कुणाला बाटली, कुणाला पैका, कुणाला खुर्ची. कीर्तनकाराला विचाराल तर टाळ्या.

आता कुणी म्हणेल, महाराज, मग इच्छाच करू नये का? तसं नाही. भूक देवानंच दिली, तहान देवानंच दिली, नवराबायकोची माया देवानंच दिली. मनात मोह येणं हेही पाप नव्हे. प्रभू येशूलासुद्धा रानात चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतानानं भाकरी दाखवली. भूक खरी होती, पण प्रभूनं होकार दिला नाही. मोह दारात येतो तो मोहच. आपण त्याला पाट मांडतो, तिथून पाप सुरू होतं.

संत ऑगस्टीन, आफ्रिकेच्या उत्तर भागातला, 354 सालचा जन्म. मोठा विद्वान. पण तो आपल्या पोरवयातली गोष्ट सांगतो. सोळा वर्षांचा असताना मित्रांबरोबर रात्री त्याने शेजारच्या झाडाची पेअर चोरली. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळं होती. चोरली आणि डुकरांपुढे टाकली! मग कशासाठी चोरली? तर नको म्हटलेलं करण्याच्या गोडीसाठी. म्हातारपणाकडे झुकलेला धर्माध्यक्ष ती पेअर विसरला नाही. त्याची शिकवण अशी की, देवानं केलेली वस्तू वाईट नसते, आपल्या प्रेमाचा क्रम चुकतो. देव पहिला, वस्तू नंतर. वासना हा क्रम उलटा करते. वस्तू पहिली होते, आणि देव? देव मग अडचण होतो.

एदेन बागेत हेच झालं. हव्वेनं फळ पाहिलं. खायला चांगलं, डोळ्यांना सुंदर, शहाणपण देणारं. खाल्लं, आदामाला दिलं. आणि मग काय झालं? देव निघून गेला का? नाही! देव रोजच्यासारखा आला. झाडांमागे लपले ते हे दोघे. देवच हाक मारत होता की, अरे, तू आहेस कुठं. मायबाप, मला सांगा, दूर कोण गेलं?

उत्तररंग

हाच प्रश्न मनात धरून दावीद राजाच्या वाड्यात चला. शमुवेलाचं दुसरं पुस्तक, अध्याय अकरा.

राजे लढाईला निघतात तो हंगाम. सेनापती यवाब आणि सारं सैन्य राब्बा नगराला वेढा घालून बसलं आहे. राजा कुठं आहे? यरुशलेमेत. पहिली पायरी इथंच घसरली बघा. जिथं असायला हवं होतं, तिथं नव्हता. संध्याकाळी पलंगावरून उठला, गच्चीवर फेऱ्या मारू लागला. खाली एक बाई स्नान करताना दिसली. दिसली इथवर ठीक. नजर खाली करून मागं फिरायचं होतं. फिरला नाही. माणूस पाठवून चौकशी केली. उत्तर आलं की ती अलियामाची लेक बथशेबा, उरीया हित्तीची बायको.

थांबा जरा. देवानं इथं दार लावलं होतं! 'दुसऱ्याची बायको' हे शब्द म्हणजे बंद दार. आणि उरीया कोण? राजाच्या निवडक वीरांपैकी एक, त्या वेळी त्याच्यासाठीच लढत असलेला. राजानं दार ढकललं. बोलावणं धाडलं. पुढं तिचा निरोप आला, मी गरोदर आहे.

आता एक पाप झाकायला दुसरं. उरीयाला रणातून बोलावलं, लढाईची विचारपूस केली, म्हणाला घरी जा, विसावा घे. मागोमाग भेट पाठवली. उरीया घरी गेलाच नाही! वाड्याच्या दारात नोकरांबरोबर झोपला. का, तर देवाचा कोश आणि सारं सैन्य उघड्यावर असताना मी घरी जाऊन सुख कसं भोगू? दुसऱ्या रात्री राजानं त्याला दारू पाजली. तरी गेला नाही. दारू प्यालेला उरीया शुद्धीवर असलेल्या राजापेक्षा सरळ निघाला.

मग राजानं पत्र लिहिलं. उरीयाला लढाईच्या तोंडावर ठेवा आणि मागे सरा. आणि ते पत्र कुणाच्या हातानं धाडलं? उरीयाच्याच! बिचारा आपलं मरण आपल्या हातानं घेऊन गेला, आणि उघडून पाहण्याचा विचारही त्याच्या मनात आला नाही. तो पडला. बथशेबेनं शोक केला. शोकाचे दिवस सरताच राजानं तिला वाड्यात आणलं. मुलगा झाला. इतके महिने गेले, आणि राजा सिंहासनावर बसून लोकांचे न्याय करतच होता! वासना माणसाला आंधळं करते म्हणतात. अर्धंच खरं आहे. दुसऱ्याचं पाप त्याला लख्ख दिसतं.

म्हणून नाथान संदेष्टा गोष्ट घेऊन आला. एका गरिबाची एकच कोकरी. लेकरांबरोबर वाढलेली, त्याच्या घासातला घास खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी. श्रीमंताकडे पाहुणा आला. आपल्या कळपातलं काढवेना, त्यानं गरिबाची कोकरी कापली. दावीद पेटून उठला. असा माणूस मेलाच पाहिजे, चौपट भरपाई दिली पाहिजे! आणि नाथानानं सांगितलं की तो श्रीमंत दुसरा कुणी नाही, राजा स्वतः आहे. आणि एक ध्यानात घ्या, या गोष्टीत कोकरीचा काही दोष नाही. तेव्हा हे आख्यान ऐकून त्या बाईला नावं ठेवू नका.

आता माझं ऐका. हे आख्यान मी गुरूंजवळ बसून शिकलो, आणि पुष्कळ वर्षं रंगवून सांगितलं. त्याच वर्षांत मी धाकट्या भावाचा बांध कोरत होतो. होय, मीच. वडिलांच्या वाटणीत त्याचं रान माझ्या रानाला लागून. दर नांगरटीला एक तास त्याच्या अंगानं. एका तासानं काय होतंय? घरची एकदा बोलली, तर मी म्हणालो, देवाच्या गोष्टी तू मला शिकवू नको. प्रार्थना रोज चालू होती. पण गुडघे टेकून डोळे मिटले की बांध दिसायचा, आणि मी डोळे उघडायचो. लोक म्हणायचे, महाराज, काय रंगलं हो कीर्तन! मला ठाऊक होतं, मी झाडामागून बोलतोय.

एका सणाला आमच्याच गावात कीर्तन. भाऊ समोर बसलेला. कोकरीपाशी आलो आणि त्याच्याकडे नजर गेली. हातातल्या चिपळ्या हातातच राहिल्या. शब्द फुटेना. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला, पण आख्यान मला पुरं करता आलं नाही. उजाडायच्या आत त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण तुझ्या तोंडून लोक देवाचं नाव ऐकतात, म्हणून गप राहिलो." शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, मंडळी. बांध आम्ही दोघांनी मिळून मागं सरकवला. मधल्या वर्षांचं पीक मात्र मी खाल्लं ते खाल्लं.

दावीदाचंही तसंच. त्यानं सबब सांगितली नाही, मी देवाविरुद्ध पाप केलं, एवढंच कबूल केलं. एक्कावन्नावं स्तोत्र हे त्याच्या त्या पश्चात्तापाचं म्हणून आपण आजही गातो. क्षमा तत्काळ मिळाली. पण ते मूल सातव्या दिवशी गेलं, आणि उरीया काही परत आला नाही. क्षमा फुकट मिळते, पाप फुकट पडत नाही. म्हणून पहिल्या पायरीवरच वळा. गच्चीवरूनच खाली उतरा. आणि उशीर झालाच असेल, तर लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलगा आठवा. डुकरांच्या शेंगांवर नजर ठेवण्यापर्यंत पोरगं खाली गेलं होतं, पण बाप लांबूनच ओळखून धावत आला.

उद्या तुम्ही वेदीजवळ अर्पण घेऊन जाल. प्रभूनं सांगून ठेवलं आहे की, तिथं भावाचं काही आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. धर्मगुरूंजवळ पापनिवेदन करा, आणि घरी गेलात की ज्याचं आहे त्याला द्या. बांध असेल तर बांध, पैका असेल तर पैका, बायकोला देणं असलेली नजर असेल तर ती नजर.

देव बागेत अजून हाक मारतोच आहे. झाडामागून बाहेर यायचं काम आपलं.

बोला, प्रभू येशू ख्रिस्ताचा जय!