महोगनी : झाड, लाकूड आणि रंग
(इस्लापूरच्या बैठकीतील भाषण)



गावोगाव महोगनीची रोपं विकणारे फिरतात. एकरी इतकी झाडं, दहा-बारा वर्षांनी इतके लाख. कागदावरचा गुणाकार सोपा असतो. गुणाकाराआधी आम्ही एकच विचारतो : तुम्ही आम्हाला काय विकता? झाड, लाकूड की रंग? नाव एक असलं तरी या वस्तू तीन आहेत.

आधी झाड. ते मूळचं वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतलं. 1721 साली इंग्लंडने वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि साहेबाच्या घरात महोगनीची टेबलं आली. बेलीझच्या जंगलात ती झाडं तोडली गुलामांनी. त्या देशाच्या झेंड्यावर आजही महोगनीचं झाड आहे आणि कुऱ्हाड घेतलेला लाकूडतोड्या आहे. घाम त्याचा, नफा व्यापाऱ्याचा. कापूस पिकवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

कलकत्त्याच्या सरकारी बागेत हे झाड 1795 सालीच आलं. म्हणजे ते काल सापडलेलं सोनं नव्हे. त्याला शेंडा पोखरणारी अळी लागते. बोंडअळी बोंडात शिरते, तशी ही कोवळ्या शेंड्यात शिरते. शेंडा मरतो, बाजूने फांद्या फुटतात, झाड वेडंवाकडं होतं. आणि लाकडाला भाव मिळतो तो सरळ, लांब बुंध्याचा. शिवाय त्याला खोल, ओल धरणारी जमीन मानवते. आमच्या मुरमाड बरड्यावर ते तसंच वाढेल, याची हमी कोण देतो?

आता लाकूड आणि रंग. महोगनीचं लाकूड ताजं कापलं की गुलाबीसर दिसतं, मग वर्षागणिक गडद तांबूस होत जातं. हा रंग गाभ्याचा. कोवळ्या झाडात गाभा थोडा आणि सालीजवळचं फिकट लाकूड जास्त. नाव झालं ते जंगलातल्या जुन्या, जाड झाडांचं. आम्हाला भाव सांगतात तो त्यांचा आणि तोडायला लावतात बारा वर्षांचं पोर! उलट रंगच हवा असेल, तर दुकानात महोगनी पॉलिशचा डबा मिळतो. तो स्वस्तातल्या लाकडाला फासला की काम झालं.

1990 नंतरच्या वर्षांत सागाच्या नावावर असाच बाजार भरला होता. कंपन्यांनी लोकांकडून पैसे गोळा केले, कित्येकांचे बुडाले. 1999 साली सेबीने अशा योजनांसाठी नियम केले. साग खोटा नव्हता. किनवटच्या जंगलात तो आपण रोज बघतो. हिशेब खोटा होता. आणि बांधावरचा आपला साग तोडायचा, तर 1964 च्या कायद्याप्रमाणे परवानगीसाठी खेटे आपणच घालायचे.

महोगनी लावूच नका, असं आम्ही म्हणत नाही. पण रोप घेण्याआधी लेखी मागा : जात कोणती? किती घेराचं झाड घेणार? घनफूट कोण मोजणार? भाव कोण ठरवणार? तोडणी-वाहतुकीचा खर्च आणि कागदपत्रं कोणाकडे? खरेदीदार आलाच नाही तर काय? उत्तर मिळेपर्यंत दोन-चार झाडं बांधावर लावून बघा. ज्वारीचं रान मोडू नका. ज्वारी चार महिन्यांत दाणा देते, कडबा देते. बारा वर्षं बैल उपाशी राहत नाही.

झाड आमच्या रानात वाढणार असेल, तर त्याचा हिशेबही आमच्याच हाताने झाला पाहिजे.