पट, कवड्या आणि मुलाचा हात



बैठ्या खेळांवर व्याख्यान, आणि तेही उपचार म्हणून, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटले असेल. आखाजी आली की आपल्या खानदेशात झोके बांधले जातात, पत्त्यांचे डाव मांडले जातात. चार घटका करमणूक झाली, त्यात औषध ते कसले? शंका रास्त आहे. तिचे उत्तर देण्यासाठी आधी ‘व्यवसायोपचार’ या शब्दाची फोड केली पाहिजे.

व्यवसाय म्हणजे येथे पोटापाण्याचा धंदा नव्हे. आंघोळ, जेवण, कपडे घालणे, काम, खेळ, असे जे जे माणूस दिवसभर करतो तो त्याचा व्यवसाय. आजाराने वा जन्मजात दोषाने हे व्यवहार अडले, तर त्या व्यवहारांनाच साधन करून माणसाला स्वावलंबी करायचे, ही या शास्त्राची रीत. आपल्या देशात त्याच्या शिक्षणाचा पाया घातला तो कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, विवाहाने भारतीय. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली, आणि १९५२ साली या क्षेत्राची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. तेव्हा पोलिओने अधू झालेली मुले गावोगाव दिसत. पोलिओच्या रानटी विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. पण सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदता यांनी अडलेली मुले आजही आपल्या आळीत आहेत. फक्त ती ओट्यावर दिसत नाहीत.

मुलाचा व्यवसाय कोणता? अर्थातच खेळ. तेव्हा त्याचा उपचार खेळातूनच व्हावा, हे ओघाने आले.

उदाहरणादाखल पंचवीस घरांचा आपला पट घ्या. कोणी त्याला चौकाबारा म्हणतात, कोणी चल्लस-आठ. चार कवड्या ओंजळीत खुळखुळवायच्या. त्यासाठी तळव्याला खळगा पडावा लागतो. हात ताठ राहणाऱ्या मुलाला तेच कठीण जाते. कवड्या टाकताना मनगट वळते आणि मूठ वेळेवर उघडते. मग पाहायचे, किती उताण्या, किती पालथ्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. मोजणी आली. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत सोंगटी धरून ती नेमक्या घरात ठेवायची. हीच चिमूट उद्या सदऱ्याचे बटण लावणार आहे आणि पेन्सिल धरणार आहे. बाहेरच्या घरांतून एका दिशेने जायचे, आतल्या घरांतून उलट फिरायचे. दिशेचे भान आले. आणि दुसऱ्याचा डाव संपेपर्यंत हात आवरून बसायचे. चंचल मुलाला हा धडा कोणत्याही उपदेशापेक्षा लवकर पटतो, कारण खेळ पुढे जावा असे त्याला स्वतःलाच वाटत असते.

आता उपचारकाचे कौशल्य कशात? खेळ मुलाच्या मापाचा करण्यात. चिमूट जमत नसेल तर सोंगटीच्या जागी बाटलीचे मोठे झाकण घ्यावे. जमू लागले की लहान वस्तू द्यावी. एक हात कमजोर असेल तर त्या हाताने पट धरायला लावावा, किंवा कवड्या त्या बाजूला ठेवाव्यात. मूल घसरत असेल तर आधी पाय टेकतील अशी बैठक द्यावी. धड डळमळत असेल तर बोटे काम करीत नाहीत. तीन वर्षांखालील मुलांच्या, आणि वस्तू तोंडात घालण्याची सवय असलेल्या कोणत्याही मुलाच्या हाती कवड्या-चिंचोके देऊ नयेत, हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक प्रश्न. मुलाला मुद्दाम जिंकू द्यावे काय? माझे उत्तर, नाही. मूल अधू असते, आंधळे नव्हे. आपली कीव केली जात आहे हे त्याला कळते. नियम बदलायचा तर डावाच्या आधी, उघडपणे बदलावा. ‘तू दोनदा कवड्या टाकायच्या, मी एकदा’ असे ठरवावे, आणि मग खरोखर खेळावे. हरणे सोसणे हाही उपचाराचाच भाग आहे. सापशिडीत अठ्ठ्याण्णववरून खाली घसरलेले मूल रडले तर रडू द्यावे. पण पुढचा डाव लगेच मांडावा.

खेळाने सारे बरे होते, असे मात्र मी म्हणत नाही. मेंदूला झालेली इजा पटाने भरून येत नाही, आणि तज्ज्ञांची तपासणी चुकवून चालत नाही. परंतु २०१३ साली ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचा मोठा आढावा घेतला. मुलाने स्वतः केलेला, ठरावीक उद्दिष्टाचा सराव, दोन्ही हातांचा सराव आणि घरी चालणारा कार्यक्रम यांचा गुण त्यात स्पष्ट दिसला. पटावरचा खेळ हे अशा सरावाचे एक स्वस्त साधन आहे, एवढाच माझा दावा.

आणि आपल्या दोन जिल्ह्यांत या दाव्याला वजन आहे. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत रोजाने जाणारी आई, साक्री-शिरपूरच्या पाड्यावरचा बाप, यांनी रोज बुडवून मुलाला उपचारासाठी शहरात किती वेळा आणावे? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी होते. तिचा लाभ जरूर घ्यावा. पण महिन्यातून घडणारी भेट कोठे आणि रोजची संध्याकाळ कोठे! उपचारकाने मार्ग दाखवावा, चालणे घरातच घडते. खडूने आखलेला पट आणि एका बाजूने घासलेले चिंचोके याला पैसा लागत नाही. आजोबांना वेळ असतो, बहिणीला हौस असते.

तेव्हा माझी विनंती आईबापांइतकीच शेजाऱ्यांनाही आहे. ते मूल ‘बिचारे’ म्हणून बाजूला बसवू नका. तुमच्या मुलांच्या डावात त्याला चौथा भिडू घ्या. त्याची सोंगटी मारण्याची वेळ आली, तर खुशाल मारा. आपण इतर मुलांसारखेच आहोत, हे त्याला त्या क्षणी कळेल.