झाडणारं यंत्र घेताना



आमच्या घरी झाडणारा रोबो घ्यायचं ठरलं. फिरून झाला की कचरा आपणच तळाच्या पिशवीत ओतणारा. नवरा म्हणाला, "आता तुझं काम सुटलं." मी विचारलं, "माझं?"

२०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. यंत्र आणल्याने ही वाटणी आपोआप बदलत नाही. फरशीवरच्या वायरी, खेळणी आधी कोण उचलणार? ब्रशात गुंतलेले केस कोण कापणार? पिशवी भरली की नवी कोण आणणार? आम्ही आधी कामांपुढे नावं लिहिली, मग दुकानात गेलो.

दुसरा प्रश्न कॅमेऱ्याचा. २०२० मध्ये चाचणीसाठी घरांत ठेवलेल्या अशा यंत्रांनी टिपलेली छायाचित्रं बाहेर फुटली. त्यांत संडासात बसलेली एक बाईही होती. हे २०२२ मध्ये उघड झालं. म्हणून आम्ही कॅमेरा नसलेलं, लेझरने वाट शोधणारं यंत्र निवडलं.

पिशवी यंत्र भरतं. ती भरल्याचं कुणाच्या लक्षात येतं, एवढं आपापल्या घरी पाहा.