सही कुणाची, नाव कुणाचं?
(बदनापूर येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, स्वतःला झळ बसते तेव्हा माणूस कळतो. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ साली त्यांची पत्नी वारली आणि वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. पुढे घरातल्या बायकांचा विरोध असताना त्यांना शिकवलं, हेही त्यांच्या खात्यावर मांडायलाच हवं. जोतिरावांना मूल नव्हतं, पण त्यांनी दुसरी बायको केली नाही. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतला.

आता आपल्या तालुक्याकडे या. हिंदू कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान वाटा दिला; आधी लग्न झालेल्या राहिल्या होत्या, त्यांना २००५ साली मिळाला. तरी जयंतीला सावित्रीबाईंवर तासभर बोलणारा भाऊ वडील गेल्यावर बहिणीला गाडी पाठवतो, साडी नेसवतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. "माहेर तुटू नये, ताई." गोड आवाजातली धमकीच ही! सही करणारीला मी दोष देत नाही. दिवाळीला जायला तिला दुसरं दार कुठंय?

पुढच्या मेळाव्याला पाहुणा ठरवताना आधी त्याचा सातबारा बघू या. बहिणीचं नाव आहे का, बायकोचं आहे का.